एक झारी पाणी

दिवाळी जवळ आली की आमच्या गावात पाऊस गेल्याच्या खुणा दिसू लागतात. भात पिवळे पडते, कौलांवरचे शेवाळ वाळून तपकिरी होते, अंगणातला चिखल घट्ट होतो आणि बायका सारवणाला हात घालतात. पाऊस गेला की सण आला, असे आमचे साधे गणित आहे. कॅलिफोर्नियात राहणारी माझी भाची मात्र दर दिवाळीला फोनवर उलटीच बातमी देते. "मामा, पहिला पाऊस अजून नाही आला," किंवा "मामा, काल आला!" तिकडे मेपासून ऑक्टोबरपर्यंत आभाळ कोरडे ठणठणीत असते आणि पाऊस पडायचा तो थंडीत. "तुमची दिवाळी पावसाला निरोप देते, माझी त्याला आवतण देते," असे ती एकदा म्हणाली. हे वाक्य आपण एखाद्या कादंबरीत घालून टाकावे, असा मोह मला झाला होता. पण घरच्या माणसाची चोरी लवकर उघडकीस येते, म्हणून आवरला.

उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला, असे हवामान जगात पाचच ठिकाणी आहे : भूमध्य समुद्राभोवतालचे देश, कॅलिफोर्निया, चिलीचा मधला पट्टा, आफ्रिकेचे दक्षिण टोक म्हणजे केप, आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग. पृथ्वीवरच्या साऱ्या जमिनीचा हा जेमतेम दोन टक्के हिस्सा. पण वनस्पतींच्या जातींपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या पाच तुकड्यांत नांदतो. हे मला कुठल्या पुस्तकाने नव्हे, भाचीने शिकवले. ती राहते त्या लहानशा गावाच्या कडेला नगरपालिकेची एक पडीक जागा होती. गावातल्या लोकांनी ती मागून घेतली आणि तिथे या पाचही मुलखांतल्या झाडांची बाग करायचे ठरवले. बाग कुणा एकाची नाही. दर शनिवारी सकाळी वीस-पंचवीस माणसे जमतात. त्यांत निवृत्त शिक्षिका आहे, एक सुतार आहे, इस्पितळातली परिचारिका आहे आणि संगणकापुढे आठवडा घालवणारी माझी भाची आहे. तिचा मातीशी आजवरचा संबंध तुळशीला पाणी घालण्यापुरताच होता.

आणि पाणी घालण्यानेच घोटाळा झाला.

कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारावरचे एक झुडूप आहे, त्याला फ्लॅनेलबुश म्हणतात. पानांवर मऊ लव असते आणि फुले मोठी, सोनेरी पिवळी येतात. कूळ आपल्या जास्वंदीचे नि भेंडीचे. तीन वर्षांपूर्वी लावलेले असे एक झुडूप भाचीच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर होते. परवाच्या उन्हाळ्यात जुलैची काहिली सुरू झाली तशी त्याची पाने तिला मलूल वाटू लागली. सोलापूरकडच्या आजोळी वाढलेली मुलगी ती. भर उन्हात उभे असलेले झाड आणि हाताशी नळ असताना तिने काय करावे? रोज संध्याकाळी ती त्याच्या आळ्यात एक झारी पाणी घालू लागली. ऑगस्टमध्ये एका आठवड्यात ते झुडूप उभेच्या उभे वठले. उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजलेली.

चौकशी केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. परिचारिकाबाई कामावर जाताना सकाळी त्याच झुडपाला एक झारी घालत होत्या. सुतारबुवा दुपारी डबा खाऊन झाला की बाटलीतले उरलेले पाणी त्यालाच देत होते. प्रत्येकाला वाटत होते, याच्याकडे आपल्याशिवाय कुणाचे लक्ष नाही.

"मामा, ते तहानेनं मेलं असतं तर मला इतकं लागलं नसतं," भाची फोनवर म्हणाली, आणि पुढे बराच वेळ बोलली नाही.

बागेतल्या जुन्या जाणत्या बाईंनी तिला समजावले ते असे. ही झाडे उन्हाळ्यात झोपतात. लाखो वर्षे त्यांना ठाऊक आहे की ऊन असते तेव्हा पाणी नसते आणि पाणी असते तेव्हा ऊन नसते. म्हणून उन्हाळ्यात ती वाढ थांबवतात, काही पाने गाळतात आणि मुकाट्याने राहतात. मातीतही बुरशीसारखे सूक्ष्म जीव असतात. त्यांना उबदार आणि ओली माती मिळाली की ते मुळांवर तुटून पडतात. ऊब आहे पण ओल नाही, किंवा ओल आहे पण ऊब नाही, या एवढ्याशा फटीत ते झुडूप सुखाने जगत असते. आपण पाणी घालतो आणि ती फट बुजवतो. केपच्या प्रोटीया आणि ऑस्ट्रेलियाच्या बँक्सिया यांची तऱ्हा आणखी वेगळी. निकस, धुपलेल्या मातीतून स्फुरदाचा कण न् कण वेचायला त्यांची मुळे शिकलेली असतात. त्यांच्यापैकी कित्येकांना नको म्हणणे मात्र ठाऊक नसते. मायेने स्फुरदाचे खत घातले तर ती ते पीत सुटतात आणि त्याच्याच विषाने जळतात.

हे ऐकले त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आपल्याकडे भाव तेथे देव असे म्हणतात, आणि मी स्वतः वर्गात ते अनेकदा फळ्यावर लिहिले आहे. भाचीचा भाव चोख होता, परिचारिकेचाही आणि सुताराचाही. पण मुळाला भाव कळत नाही, त्याला ओल कळते. तर मग त्या झुडपाला मारले कुणी? आणि ज्याने मारले त्याचा भाव चोख होता, एवढ्याने त्याची सुटका होते का? हा प्रश्न कुणा पंडिताला सोपा वाटेल. मला वाटला नाही, कारण त्या कुजलेल्या मुळाशी मला एक मुलगा दिसत होता.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका गावी शिकवत होतो. आठवीतल्या एका मुलाचे वडील अचानक गेले. मुलगा हुशार, विशेषतः गणितात. घरची स्थिती बेताची. मी तरुण होतो, उत्साही होतो, आणि खरे सांगायचे तर असे काही करायची संधी मिळाल्याचा मला मनातून थोडा आनंदही झाला होता. दहाव्या दिवशीच मी त्याच्या दारात उभा राहिलो. शाळेत वर्गणी काढली. प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांपुढे त्याचे नाव घेऊन ती त्याच्या हातात दिली. शिक्षक-शिक्षिकांनी कपडे दिले, वह्या दिल्या, डोक्यावरून हात फिरवला. बुडालेला अभ्यास भरून काढायचा म्हणून मी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊ लागलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. पुढे कधीच आला नाही. मामाच्या गावी गेला, एवढे कळले. मी अनेकांना सांगितले, परिस्थितीने एक हुशार मुलगा गिळला. सांगताना माझा आवाज दाटून येत असे आणि ऐकणाऱ्यांना मी थोर वाटत असे.

गेल्या मार्गशीर्षात एका लग्नासाठी त्या भागात गेलो होतो. बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगचे एक दुकान दिसले. समोर विहिरीच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी मांडलेल्या होत्या, आणि तांब्याची तार गुंडाळत बसलेल्या माणसाने मान वर करून "सर?" असे म्हटले. तोच तो. त्याने स्टूल पुसून दिले, चहा मागवला. लग्न झाले आहे, मुलगी तिसरीत आहे, धंदा बरा चालतो. मी धीर करून विचारले, "शाळा का सोडलीस रे तेव्हा?"

तो हसला. रागाचे हसू नव्हते ते. "सर, पैसे उपयोगी पडले. आईनं अजून नाव काढलं की हात जोडते. पण प्रार्थनेला पुढं बोलावलंत ना, त्या दिवसापासून मी कुणी दुसराच झालो. जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला. आणि तुम्ही रोज यायचात. संध्याकाळ झाली की मला दाराची भीती वाटायची. मला काहीच करायचं नव्हतं हो सर. नुसतं बसून राहायचं होतं थोडे दिवस."

"मग बरं कधी वाटलं?"

"शेजारच्या आळीतला एक पोरगा होता, आमच्याच वर्गातला. तो यायचा. काही बोलायचा नाही. आम्ही गोट्या खेळायचो."

चहा संपला. पैसे मी देऊ लागलो, तर त्याने माझा हात धरला आणि ठामपणे बाजूला सारला. तो हात मला अजून आठवतो.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हे बरे आहे! म्हणजे कुणी रडत असेल तर आपण लांब उभे राहावे आणि म्हणावे की त्याचा उन्हाळा चालू आहे. हा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतला आहे आणि तो खोटा नाही. पोट भरलेल्या माणसाला असले तत्त्वज्ञान फार लवकर पटते. गरिबाला सवय असते, बायकांना सोसायची ताकद असते, खेड्यातल्या पोरांना काटा टोचत नाही, असे म्हणत म्हणतच आपण कितीतरी लोकांना तहानेले ठेवले आहे. आमच्या माळावर चैत्र-वैशाखात रानकांदा फुलतो. जमिनीवर एक पान नसते, मातीला भेगा पडलेल्या असतात आणि त्यातून फुलांचा एकच उंच दांडा वर येतो. ग्रीसमध्ये त्याचा सख्खा भाऊबंद आहे, समुद्रकांदा. तोही कोरड्या उन्हाळ्याच्या अखेरीस, पान नसताना फुलतो. त्याचा उपटलेला कांदा मातीवाचून, पाण्यावाचून पालवतो म्हणून तिकडचे लोक नव्या वर्षाला तो शुभ मानून दारावर टांगतात. ही तहान त्या कांद्याची स्वतःची आहे, तीच त्याची रीत आहे. पण त्याच माळावरून डोक्यावर हंडा घेऊन दोन कोस चालणाऱ्या बाईची तहान तिची रीत नव्हे. ती तिच्यावर लादलेली आहे. दोघांकडे बघून "यांना सवय आहे" असे म्हणणारा मनुष्य एक तर आंधळा आहे, नाही तर लबाड.

आणि बागही असे सांगत नाही. भाचीला मी हेच विचारले होते, "मग उन्हाळ्यात पाणी घालायचंच नाही का?" तर तसेही नाही. नवे रोप लावले की पहिला उन्हाळा, क्वचित दुसराही, त्याला बेताने पाणी द्यावेच लागते. त्याची मुळे अजून खोल गेलेली नसतात. लावायचे ते पावसाच्या तोंडाशी, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, की थंडीभर पाऊस त्याला पाजतो आणि माणसाचे काम हलके होते. सारांश, "द्या" हा नियम नाही आणि "देऊ नका" हाही नियम नाही. दर वेळी वाकून पाहावे लागते. नियमापेक्षा हे किती अवघड आहे, ते मास्तरकी केलेल्या माणसालाच कळेल. नियमाने वर्ग सांभाळता येतो, पण मूल सांभाळायचे तर त्याच्याकडे पाहावे लागते.

झुडूप मेल्यावर भाचीच्या बागेतल्या मंडळींनी सभा घेतली. कुणाला दोष दिला नाही. सामुदायिक बागा कशा चालतात याची शोधाशोध करताना त्यांना ग्रीसमधल्या एका बागेची हकीकत मिळाली, आणि तिच्यात मुंबईचे नाव आले म्हणून भाचीने ती मला पाठवली.

अथेन्सजवळ पेआनिया गावच्या टेकडीवर स्पारोझा नावाची बाग आहे. चुनखडीच्या खडकावर पातळ माती, वर वारा आणि ऊन. जॅकलिन टिरव्हिट नावाच्या विदुषीने १९६० नंतरच्या वर्षांत ती तिथे वसवली. बाई नगररचनेच्या जाणकार. पॅट्रिक गेडीस यांचे आपल्या देशातल्या शहरांविषयीचे लेखन निवडून त्यांनी १९४७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते. १९८३ साली त्या वारल्या. पुढे १९९४ साली भूमध्यसागरी बागांची हौस असणाऱ्या लोकांनी एक संस्था स्थापन केली आणि ही बाग तिचे माहेरघर झाली. एका बाईंची बाग अशी पुष्कळांची झाली.

हे गेडीस म्हणजे मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांच्या आधीचे अधिकारी नकाशावर पट्टी ठेवून दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढीत, मग त्याखाली किती घरे जातात ते पाहत. स्वच्छतेसाठीच, लोकांच्या भल्यासाठीच! गेडीस म्हणत, आधी गल्लीगल्लीतून चाला, लोक कसे राहतात ते पाहा, मग जेवढे काढल्यावाचून गत्यंतर नाही तेवढेच काढा. रोग ओळखल्यावाचून औषध नको. इंदूरच्या होळकर दरबारासाठी त्यांनी १९१८ साली अहवाल दिला. त्या सुमारास शहराला प्लेगची धास्ती होती. तेव्हा त्यांनी दिवाळीची मिरवणूकच हाती घेतली. ज्या रस्त्यांवरची घरे लोकांनी सर्वांत स्वच्छ केली असतील त्या रस्त्यांनी ती जाईल, असे जाहीर केले. प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमाही मिरवणुकीत होती. कुणाच्या घरावर पहार न घालता घरे झाडली गेली. लोकांच्या मनात दिवाळीला झाडलोट करायचे असतेच, त्या ऋतूचा हात त्यांनी धरला. १९२४ साली ते आपला देश सोडून फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए येथे गेले. तिथल्या कोरड्या, खडकाळ माळावर त्यांनी एक विद्यालय व बाग उभी केली, आणि १९३२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. भूमध्य समुद्राकाठची ती बाग आणि इंदूरची ती दिवाळी मला एकाच माणसाच्या हातची वाटते. दोन्ही ठिकाणी आधी पाहणे आहे आणि मग करणे.

भाचीच्या मंडळींनी त्या सभेत दोन गोष्टी ठरवल्या. एक, प्रत्येक झाड एकेका माणसाच्या स्वाधीन करायचे. बाकीच्यांनी प्रेम करावे, पण झारी उचलू नये. दुसरी गोष्ट, बागेच्या फाटकाशी एक वही ठेवायची. ज्याचे झाड त्याने येऊन बोटभर माती उकरून पाहायची आणि वहीत नोंद करायची. भाचीने मला त्या वहीच्या एका पानाचे चित्र पाठवले. तारखांपुढे एकाखाली एक तीच नोंद होती. मराठीत सांगायचे तर : पाहिले. दिले नाही. पाहिले. दिले नाही. पाहिले. अर्धी झारी दिली. पाहिले. दिले नाही.

त्या पानाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. "दिले नाही" हेही कुणाच्या तरी श्रमाचे काम म्हणून लिहून ठेवतात, हे मला नवे होते. आपल्या हिशेबात दिलेलेच तेवढे लिहिले जाते. देणगीदारांच्या फलकावर, शाळेच्या अहवालात, आपल्या स्वतःच्या मनातल्या खातेवहीतसुद्धा. उन्हात जाऊन, वाकून, माती चाचपून, हातात भरलेली झारी असताना परत फिरला, अशा माणसाचे नाव कुठे लागत नाही. दुरून पाहणाऱ्याला तो आणि मुळीच न आलेला माणूस सारखेच दिसतात. फरक फक्त त्या माणसाला ठाऊक असतो. कदाचित झाडालाही असेल.

यंदा माझ्या वर्गात एक मुलगी आहे. जूनमध्ये तिची आई गेली. मी तिच्या घरी गेलो तो एकदाच, आणि तेही तिच्या वडिलांना भेटायला. फीचे काय करायचे ते मुख्याध्यापकांशी बोलून परस्पर केले. वर्गात तिचे नाव जसे पूर्वी घेत होतो तसेच घेतो, उत्तर चुकले तर चुकले म्हणतो. माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानावर मात्र दर शनिवारी एक ओळ लिहितो. पाहिले. विचारले नाही. अशा सतरा ओळी झाल्या आहेत. त्यांपैकी किती शहाणपणाच्या आणि किती भित्रेपणाच्या, हे मला सांगता येणार नाही. मागे एकदा इतका चुकलो आहे की आता हात आखडतो. आणि हात आखडणे म्हणजे ऋतू ओळखणे नव्हे, हेही मला कळते. कदाचित त्या सतरातल्या एखाद्या शनिवारी अर्धी झारी हवी होती आणि मी दिली नाही.

परवा सहामाही परीक्षा संपली. मुले दप्तरे उडवीत पळाली. ती मागे राहिली, फळा पुसला, डस्टर जागेवर ठेवले आणि दारापाशी थबकून म्हणाली, "सर, सुट्टीत वाचनालय उघडं असतं का?"

आमच्या शाळेचे वाचनालय म्हणजे दोन कपाटे आणि एक टेबल. सुट्टीत ते कधीच उघडे नसते.

"असतं," मी म्हणालो. "सकाळी नऊ ते अकरा."

ती मान हलवून गेली. मी कार्यालयात जाऊन शिपायाकडून किल्ली मागून घेतली. भाऊबीज सोडून रोज दोन तास तिथे जाऊन बसणार आहे. बरोबर या लेखाचे कागद नेईन, म्हणजे माझेही काही काम आहे असे दिसेल. ती येईल की नाही, मला ठाऊक नाही. आली, तर तिला काय विचारायचे ते मी ठरवलेले नाही. बहुधा काहीच विचारणार नाही.

भाचीच्या गावी अजून पाऊस आलेला नाही. मेलेल्या झुडपाच्या जागी नवे रोप लावायला खड्डा खणून ठेवला आहे, असे ती म्हणाली.